कैलास आचाऱ्याची मोडलेली सोयरीक

पिरंगुटपासून पौडपर्यंत कुणाच्या घरी लग्न ठरलं, की भटजीच्या आधी फोन जातो तो भरे गावच्या कैलास आचाऱ्याला. कैलासची तारीख मिळेना म्हणून मुहूर्त पुढं ढकललेली घरं या पट्ट्यात आहेत, आणि त्यांना त्यात काही वावगंही वाटत नाही. भटजी दुसरा मिळतो, असा मसालेभात दुसरीकडं मिळत नाही, असं लोक सरळ बोलून दाखवतात.

कैलास म्हणजे आडव्या हाडाचा, सावळा, डोक्याला पंचा गुंडाळलेला गडी. वय चाळिशीला टेकलेलं. भट्टीपुढं घामानं निथळत असला तरी तोंडावरचं हसू ढळायचं नाही. दहावीनंतर तो मामाच्या हाताखाली कांदे चिरायला लागला आणि मामाचे गुडघे गेल्यावर मामाची पातेली, मामाच्या भट्ट्या आणि मामाची गिऱ्हाइकं, सगळं त्याच्याकडं आलं. घरची भाताची खाचरं वडील हैबतराव करायचे. भावकीतल्या बऱ्याच जणांनी रस्त्याकडेची जमीन बिल्डरला देऊन भूगावात फ्लॅट घेतले होते. हैबतराव मात्र बांधावरून हलले नव्हते.

लग्नात शेवटची पंगत उठली की म्हातारी माणसं सुपारी कातरत भट्टीकडं यायची. भाताची तारीफ व्हायची आणि मग हटकून तोच प्रश्न.

"कैलासा, समद्या गावाला लग्नाचं जेवू घातलंस. तुजं कवा जेवायचं?"

"माज्या लग्नात सैपाक कोन करनार?" कैलास म्हणायचा. "चांगला आचारी घावू द्या, लगेच उरकतो."

लोक खो खो हसायचे. कैलास सगळ्यांत मोठ्यानं हसायचा, आणि मग पातेली घासायला घ्यायचा. वास्तविक पातेली घासायला बायका असायच्या. पण त्या वेळी त्याला हाताला काहीतरी लागायचं.

त्याला स्वतःबद्दल शाळेपासून ठाऊक होतं. नववीत असताना तो कबड्डीच्या संघात होता. सामना संपल्यावर हापशीवर तोंड धुणाऱ्या एका पोराकडं बघताना त्याच्या छातीत असं काही हललं, की तो स्वतःच घाबरला. बाकीची पोरं पोरींच्या गप्पा मारायची तेव्हा त्याला त्या गप्पांत गोडी वाटायची नाही. पण गोडी वाटत असल्याचं सोंग त्याला लवकरच झकास जमायला लागलं. आपल्यासारख्यांना काय म्हणतात हे त्याला माहीत होतं, आणि तीच खरी अडचण होती. जे शब्द माहीत होते त्या सगळ्या शिव्या होत्या. शिवीला आपलं नाव कोण म्हणणार?

मग त्यानं जमेल ते करून पाहिलं. शनिवार धरले. तालमीत जाऊन अंग दुखेस्तोवर जोर काढले. कामाला जुंपून घेतलं. कुणाचंही बारसं, दहावं, वास्तुशांत असो, कैलास हजर. नाही हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता. गाव म्हणायचं, पोरगं लाखात एक आहे. आणि कैलासला वाटायचं, यांना कळलं तर?

एकदा पिरंगुटला चहाच्या टपरीवर तो उभा होता. टीव्हीवर कोर्टाच्या निकालाची बातमी चालू होती. दोन पुरुषांनी एकमेकांवर प्रेम केलं तर तो आता गुन्हा नाही, असं बातमी देणारी बाई सांगत होती. टपरीवरच्या एकानं घाणेरडा विनोद केला. सगळे हसले. कैलासही हसला. गाडीला किक मारून तो घरी आला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. निकालाचं काही नव्हतं, स्वतःच्या हसण्याची त्याला शिसारी आली होती.

घरात थोरली बहीण साधना होती. हडपसरकडच्या चांगल्या घरात दिली होती तिला, पण काही वर्षांनी ती कायमची माहेरी आली. नवऱ्याचं बाहेर दुसरीकडं होतं. ती त्याबद्दल फारशी बोलायची नाही. एकदा मात्र कैलासबरोबर लसूण सोलता सोलता तिच्या तोंडून निघून गेलं.

"मारलं न्हाई रं त्यानं मला कदी. उपाशी ठेवलं न्हाई. नुसता भित्तीकडं तोंड करून झोपायचा. मी आपली आरशात बगायची, माज्यात काय कमी हाय म्हनून."

कैलास खाली मान घालून लसूण सोलत राहिला.

पस्तिशी गाठल्यावर घरच्यांनी त्याचा पिच्छाच पुरवला. आई सारजाबाईनं खंडोबाला नवस बोलला. हैबतराव दर सोमवारी कुणातरी पाहुण्याकडं स्थळ बघायला जायला लागले. शेवटी कोळवण खोऱ्यातल्या कोंडाजींची मुलगी गौतमी पसंत पडली. ती पिरंगुटच्या एका कंपनीत पॅकिंग विभागात होती. तरतरीत, बोलकी, हसली की डाव्या गालावर खळी. कैलास हो म्हणाला. सगळेच म्हणतात, एकदा लग्न झालं की होतं सगळं नीट, या आशेवर म्हणाला. साखरपुडा झाला. गौतमी फोन करायची, विचारायची, "तुमी दुसऱ्यांना करून घालता, तुमाला सोताला काय आवडतं?" असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. मुलगी वाईट असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

बस्त्याच्या दिवशी सगळे पुण्यात दुकानात बसले होते. गौतमीनं शालूचा पदर खांद्यावर टाकला आणि कैलासकडं वळून विचारलं, "कसा दिसतोय?"

"चांगला हाय," कैलास म्हणाला.

ती क्षणभर थांबली. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू आणखी काहीतरी येईल म्हणून. ते आलं नाही. मग तिनं मान वळवून समोरच्या आरशात स्वतःला नीट न्याहाळलं. कैलासच्या शेजारी साधना बसली होती. तिनंही ते बघितलं. ती मांडीवरच्या साडीची घडी घालायला लागली. आपल्या बहिणीला ज्यानं आरशापुढं उभं केलं, त्या माणसाला तो मनातल्या मनात हजार वेळा शिव्या देऊन चुकला होता. आणि आता तो स्वतः तेच करायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी कंपनी सुटायच्या वेळेला तो गेटजवळच्या रसवंतीगृहात जाऊन बसला. गौतमी आली, दुपट्टा सावरत समोर बसली. रसाचे पेले आले. कैलास पेल्यातला बर्फ हलवत बसला.

"कुनी दुसरी हाय का?" गौतमीनंच विचारलं. आवाज शांत होता, पण पेल्याभोवतीची बोटं घट्ट झाली होती.

"दुसरी न्हाई," कैलास म्हणाला. "दुसरा बी न्हाई. पर असता, तर दुसराच असता."

तिला कळायला जरा वेळ लागला. रसवंतीचं चाक घुंगरं वाजवत फिरत होतं. मग तिला ते कळत गेलेलं तिच्या चेहऱ्यावरून कैलासला दिसलं.

"म्हंजे तुमाला बायका..."

"न्हाई."

"मी बी न्हाई."

"तू लई चांगली हायेस गौतमी. म्हनून तर आलो सांगायला."

"मग पाटावर बसलात कशाला साखरपुड्याला?" ती एकदम उसळली. शेजारच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं तसा तिनं आवाज खाली आणला. "कंपनीतल्या आख्ख्या लाइनला पेढं वाटलेत मी."

"भ्यालो."

"आनि आता भ्या वाटत न्हाई?"

"वाटतंय की. पर लगीन करून जन्मभर तुज्याकडं पाट करून झोपायचं, त्येचं जास्त भ्या वाटलं."

गौतमी रडली. फार नाही, दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसण्याइतकंच. मग तिनं पेला बाजूला सारला.

"मोडायचं तुमी. माज्या नावाला बट्टा लागता कामा नये. कारन काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा, मी कुनाजवळ बोलनार न्हाई." उठता उठता ती थांबली. "लग्नानंतर कळलं असतं, तर तुमचं तोंड बघितलं नसतं."

"आन आता?"

"आता राग हाय. जाईल कवातरी."

सोयरीक मोडणं म्हणजे काय असतं, हे मोडणाऱ्यालाच कळतं. दोन्हीकडची जाणती माणसं हैबतरावांच्या पडवीत बसली आणि मधोमध कैलास. कारण काय म्हणून विचारलं तेव्हा तो एवढंच बोलला, "पोरगी सोन्यासारखी हाय. खोट माज्यात हाय." कोंडाजी अंगावर धावून आले. लोकांनी आवरलं. हैबतरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि कुणाकडंही न बघता बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांनी खाचराकडच्या खोपीत मुक्काम हलवला. जेवणाचा डबा सारजाबाई नेऊन द्यायची.

गावानं अर्थ काढायचा तो काढला. कैलासच्या अंगात दोष आहे, दवाखाना चालू आहे, असं पसरलं. कैलासनं ते पसरू दिलं.

सारजाबाईला मात्र ते पटेना. एका सकाळी ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. कैलास समोरून चालला होता, त्याला तिनं बसवून घेतलं.

"खोट मंजी काय रं? मोठ्या दवाखान्यात दाखवू की."

"दवाखान्याचं काम न्हाई आये." कैलासनं सुपातले दोन दाणे उगाच बाजूला केले. "मला बायांची वढच न्हाई. पुरुषाची हाय. आधीपास्नं तसंच हाय."

सारजाबाईचा हात सुपात थांबला. कोंबडी तांदळाला चोच मारून गेली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"कवापास्नं?"

"शाळेत असल्यापास्नं."

"आन येवढी वर्सं कुनाला बोलला न्हाईस? मला बी न्हाई?"

"काय बोलू? सांगायला शब्दच नव्हता."

"दात दुकला तर सांगत व्हतास. पायात काटा मोडला तर आख्खं घर डोक्यावर घ्यायचास." तिनं सूप खाली ठेवलं. "ह्येच येवढं एकलं गिळून बसलास व्हय रं?"

आणि ती रडायला लागली. आपल्या नशिबाला नाही, लोकांच्या बोलण्याला नाही. आपलं पोर इतकी वर्षं एकटं होतं आणि आपण रोज त्याला जेवायला वाढत होतो, याला ती रडत होती. जरा वेळानं डोळे पुसून म्हणाली, "मला समदं कळलं असं न्हाई. लोकं बोलतील ते बी मला सोसायचं न्हाई, आत्ताच सांगते. येळ लागंल मला." आणि सूप पाखडायला लागली. कैलासला तेवढंही पुष्कळ होतं.

साधनाला आईकडून कळलं. तिनं कैलासला काही विचारलं नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची. चार दिवसांनी तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला.

"ह्ये बघ. तुज्यासारखी लई मानसं हायेत. पुन्यात भेटत्यात, रविवारचं. गप्पा मारत्यात, चा पित्यात. जाऊन तरी ये."

"मी काय बोलू तितं?"

"न्हाई बोललास तर चा पिऊन ये."

पुण्यात एका जुन्या इमारतीत, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ते लोक जमायचे. कैलास इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि दाराजवळची खुर्ची धरून बसला, म्हणजे पळता येईल. जमलेल्यात कॉलेजची पोरं होती, कंपनीत काम करणारे होते, एक निवृत्त पोस्टमास्तर होते. बरंचसं बोलणं इंग्रजी-मराठी मिसळलेलं. आपण चुकीच्या मांडवात शिरलोय, असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात त्याची पाळी आली.

"मी कैलास. मुळशीतनं आलो. आचारी हाय." आणि गाडी तिथंच अडली.

"आचारी? मग मुळशीचा तांदूळ खास असतो म्हणतात, ते खरं का हो?" पलीकडून कुणीतरी विचारलं. अर्धी पांढरी झालेली दाढी, जाड चष्मा, खादीचा झब्बा.

झालं. कैलासला सूर सापडला. आंबेमोहोर नुसता खायला वेगळा, मसालेभाताला का चालत नाही, पाणी उकळून का घालायचं, झाकण कधी काढायचं नाही, भट्टीची आच कधी मोडायची, तो बोलत राहिला. लोक ऐकत होते, हसत होते. आणि त्याच ओघात, तांदूळ वैरल्यासारखं सहज, त्याच्या तोंडून गेलं, "आन मी गे हाय."

तो दचकून थांबला. शब्द इंग्रजी होता. पण त्याला त्या शब्दानं आजवर कुणी हिणवलं नव्हतं, म्हणून तो त्याला धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ वाटला. खोलीत कुणी हसलं नाही. पोस्टमास्तरांनी चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "मग आम्हाला कधी घालणार मसालेभात?"

त्या दाढीवाल्याचं नाव निरंजन. बावधनला गणिताचे क्लास घ्यायचा. आई गेल्यापासून एकटाच राहत होता. वाट एकच म्हणून चांदणी चौकापर्यंत तो कैलासबरोबर गाडीवर मागं बसून आला. पुढच्या रविवारीही आला. त्याच्या पुढच्या रविवारी कैलासनं डबा नेला. मग रविवारचं त्या खोलीत जाणं कमी झालं आणि बावधनच्या फ्लॅटमध्ये जाणं वाढलं. निरंजन बोलायचा पुस्तकासारखं आणि त्याला साधा कुकर लावता यायचा नाही. कैलासला बेरीज-वजाबाकीपलीकडचं गणित यायचं नाही. दोघांचं बरं जमलं. 'अहो कैलासराव' म्हणणारा निरंजन कधी 'अरे कैलास' म्हणायला लागला, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

एकदा कैलास बोलता बोलता म्हणाला, "माज्यातली खोट कळली तवा आयेनं..."

"थांब," निरंजन म्हणाला. "खोट कसली?"

"आता त्येला काय म्हनायचं मग?"

"काहीच म्हणू नकोस. सावळा आहेस, त्याला खोट म्हणतोस का?" निरंजननं चष्मा काढून पुसला. "मला एक सांग. लोकांच्या दहाव्याला, बारशाला तू धावतोस, अंगात ताप असला तरी धावतोस. कुणाला नाही म्हणत नाहीस. तू लोकांची भरपाई करत फिरतोस का रे? तुझ्या असण्याची?"

कैलास उठून चहा ठेवायला गेला. पण पुढं कित्येक दिवस भट्टीपुढं उभा असताना ते वाक्य त्याच्या मनात शिजत राहिलं. इतकी वर्षं लोक म्हणायचे, किती गुणी आहे, आणि कैलास तो गुणीपणा एखाद्या दंडासारखा भरत आला होता.

एके शनिवारी गावातले विठ्ठलराव आले. विठ्ठलरावांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. नातवाचा वाढदिवस, उद्याच, दोनशे माणूस. विचारायची पद्धतच नव्हती, फक्त सांगायची.

"उद्या न्हाई जमायचं," कैलास म्हणाला.

"का? कार्य हाय कुटं?"

"कार्य न्हाई. उद्या माजी सुट्टी हाय."

विठ्ठलराव त्याच्याकडं बघतच राहिले. "आचाऱ्याला कसली रं सुट्टी?"

"मानूस हाय न्हवं आचारी?" कैलास हसत म्हणाला. विठ्ठलराव फणफणत गेले. कैलास उंबऱ्यात उभा राहिला, आता काहीतरी कोसळेल म्हणून. काही कोसळलं नाही. म्हैस रवंथ करत होती. आतून साधनाच्या हसण्याचा आवाज आला.

त्यानंतर वर्षभरानं गौतमीचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं, कंपनीतल्याच एका मुलाशी, दोघांच्या पसंतीनं.

"राग गेला का?" कैलासनं विचारलं.

"गेला. म्हनून तर जेवान तुमच्या हातचं पाहिजे. पर एक अडचन हाय." गौतमी वडलांना दादा म्हणायची. "दादा ऐकत न्हाईत. त्यांच्या मनात अजून हाय, की तुमी माज्यात काहीतरी वाईट बघितलं म्हनून मोडलं. मी शब्द दिलाय, म्हनून गप हाय. सांगू का त्यांना खरं?"

कैलास खाचराच्या बांधावर उभा होता. कोंडाजींना सांगणं म्हणजे खोऱ्याला सांगणं, आणि खोऱ्याला कळलं की पिरंगुटपासून पौडपर्यंत कळलं. पूर्वीचा कैलास असता तर फोन हातातून पडला असता. आताही छाती धडधडली. पण त्या धडधडीत पूर्वीची शरम काही त्याला सापडेना. त्यानं चाचपून बघितली, खरंच नव्हती.

"सांग," तो म्हणाला. "काय खोटं न्हाई त्यात."

दोन दिवसांनी कोंडाजी स्वतः भरे गावात आले. पडवीत बसले. सारजाबाईनं पाणी दिलं. हैबतराव एव्हाना खोपीतून घरी परतले होते, पण कैलासशी कामापुरतंच बोलायचे. ते कोपऱ्यात बसून दोरी वळत होते. कोंडाजींनी तांब्या रिकामा करून खाली ठेवला.

"सोयरीक मोडली तवा तुला तुडवावा वाटला मला," कोंडाजी अखेर म्हणाले. "आता पोरीनं समदं सांगितलं. आमाला ह्या गोष्टी न्हाई कळत बाबा. मी न्हाई म्हननार की मला पटलं. पर तू गप बसून लगीन केलं असतंस, तर माजी पोर तुडवली गेली असती. येवढं मला कळतं." त्यांनी घसा खाकरला. "तारीक धर."

कैलास काही बोलायच्या आत कोपऱ्यातून हैबतरावांचा आवाज आला.

"खोटं बोलून कुनाच्या पोरीचा जलम मातीत न्हाई घातला त्यानं. माजं पोर हाय त्ये."

एवढं बोलून ते पुन्हा दोरी वळायला लागले. सारजाबाई पदरानं तोंड झाकून आत गेली. हैबतरावांना तिनं कधीच सांगितलं होतं, आणि ते इतके महिने एकटेच ते रवंथ करत बसले होते, हे कैलासला त्या दिवशी कळलं.

बातमी पसरायची ती पसरली. एका घरानं दिलेली तारीख काढून घेतली आणि भूगावचा आचारी आणला. टपरीवर कैलास आला की दोनचार जण एकमेकांना कोपर मारायचे. मागून हाळी देऊन पळणारेही निघाले. त्याला वाईट वाटायचं, एखाद्या दिवशी फार वाटायचं, आणि मग तो बावधनला जाऊन निरंजनला भाकरी थापायला शिकवत बसायचा. मात्र लग्नसराई आली तसे फोन पुन्हा वाजायला लागले. माणसाचं काहीही असो, मांडवात आलेल्या पाहुण्यानं भात पानात टाकता कामा नये, यावर मुळशीकरांचं एकमत होतं.

गौतमीच्या लग्नात कैलासनं जीव ओतला. जेवणं आटोपल्यावर नेहमीसारखे दोन म्हातारे भट्टीकडं आले. एकाला बातमी पोचली नव्हती, त्यानं लग्नाचं विचारलं. दुसऱ्यानं त्याचा हात ओढला. कैलासनं झारा बाजूला ठेवला आणि साध्या आवाजात सांगितलं, "आबा, माजं लगीन न्हाई व्हायचं. मला पुरुषाची वढ हाय. माजा मानूस हाय बावधनला, बरं चाललंय आमचं." म्हाताऱ्यानं जरा विचार केला, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बुंदी ऱ्हायलीय का थोडी?" कैलासनं त्याला द्रोण भरून दिला. निघताना गौतमीनं नवऱ्याला भट्टीकडं आणलं आणि दोघं जोडीनं त्याच्या पाया पडले. कैलास इतका गडबडला, की भाताचेच हात त्यांच्या डोक्यावर ठेवले.

निरंजन भरे गावात पहिल्यांदा आला तो गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी, भाताच्या झोडणीला. सारजाबाईनंच बोलावलं होतं. "बगू तरी कोन हाय," म्हणाली होती. निरंजन पांढरा झब्बा घालून आला. साधनानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कैलासचा जुना शर्ट आणून दिला. खळ्यावर हैबतराव फळीवर पेंढ्या आपटत होते, भात उडत होता. निरंजननं एक पेंढी उचलली, दोन हातांनी डोक्यावरून आपटली, आणि अर्धा भात खळ्याबाहेर जाऊन पडला. कोंबड्या धावल्या.

हैबतराव थांबले. त्यांनी निरंजनकडं बघितलं, कोंबड्यांकडं बघितलं आणि खदाखदा हसायला लागले. कैलासनं वडलांना असं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"मास्तर, वैरी मारताय का? पेंडी अशी धरायची. बुडख्याला. मनगाट सैल सोडा. हां, आता हाना."

दुपारपर्यंत निरंजनच्या अंगाला कुसळं टोचून खाज सुटली, तळहाताला फोड आले, पण भात खळ्यातच पडायला लागला. सारजाबाईनं पिठलं, भाकरी आणि नव्या तांदळाचा भात आणला. सगळे पेंढ्याच्या गंजीच्या सावलीला जेवायला बसले. निरंजनच्या भातावर तिनं न विचारता तुपाची धार धरली. हैबतरावांनी कैलासच्या आणि त्याच्या नात्याबद्दल एक शब्द काढला नाही, आजवर काढलेला नाही. कुणी पाहुणा विचारतो तेव्हा 'ह्ये आमच्या कैलासचं मास्तर' असं सांगतात आणि विषय संपवतात. कैलासला तेवढं चालतं.

"उद्या बी या," हात धुता धुता हैबतराव निरंजनला म्हणाले. "आर्धं खळं ऱ्हायलंय."

"यायला आवडलं असतं बाबा, पण उद्या क्लास आहेत."

"सोमवारचं सांजंलाच असत्यात की," हैबतराव म्हणाले आणि पंचा झटकून पुन्हा फळीकडं निघाले.

कैलासनं साधनाकडं बघितलं. साधनानं खांदे उडवले, तिनं काही सांगितलं नव्हतं. म्हणजे मास्तरांच्या क्लासच्या वेळा हैबतरावांनी स्वतःच कुठून तरी विचारून ठेवल्या होत्या. निरंजन हातावरचे फोड मोजायचे सोडून हसत होता. कैलासनं रिकामी ताटं उचलली आणि ओढ्यावर धुवायला नेली.